ओलुवा खोपटात शिरते

आमच्या बेटावरच्या क्लाक्सविक गावात पावसाची बातमी कुणी कुणाला देत नाही. द्यायची असते ती वाऱ्याची. सकाळी दार उघडलं की माणूस आधी मान वर करून डोंगरावरचे ढग कुठे सरकतायत ते बघतो आणि मग शेजाऱ्याला ओरडून सांगतो, "वायव्येचा आहे रे आज!" त्या वर्षी ऑक्टोबरभर ढग सरकलेच नाहीत. खाडीवर येऊन बसले ते बसलेच. पाऊस सरळ, उभा पडत राहिला. हवा उबट होती, बंदरातल्या बोटी जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसत होत्या, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस घरामागच्या आपापल्या खोपटाकडे काळजीने बघत होता.

ही खोपटं म्हणजे आमची वर्षाची बेगमी. लाकडी फळ्यांच्या भिंती, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, वारा कमी-जास्त करायला त्यावर गोणपाट. शरदात मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या, कापायच्या, आणि मांस मीठही न लावता या खोपटात टांगायचं. पुढचं काम वाऱ्याचं. वारा मनासारखा असला तर मांस मुरतं. फार कोरडा असला तर त्याचं चामडं होतं. आणि वारा पडला, हवा अशी उबट झाली, तर नासतं. मुरणं आणि नासणं यांच्यामध्ये एक बारीक रेघ असते. ती डोळ्यांना दिसत नाही, हुंगावी लागते.

आमच्या गल्लीत ती हुंगायचा मान मिच्चालचा. त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा होता. संध्याकाळी मिच्चाल आपल्या खोपटातून बाहेर आला की दारादारांतून हाका यायच्या, "मिच्चाल, जरा आमच्याकडे डोकावून जा." तो जायचा, टांगलेल्या मांडीच्या हाडाजवळ नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "समुद्राकडचं गोणपाट काढ," किंवा "उद्या दार लाव," किंवा नुसतंच, "असू दे." त्याचं "असू दे" ऐकलं की लोक निवांत झोपायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या बायकोबद्दल, ओलुवाबद्दल.

ओलुवा समोरच्या काल्सोय बेटावरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा आपली वल्ही घेऊन आली, असं माझा मामा साकारिस सांगतो. त्यात थोडी थट्टा आहे, पण ती इथल्या बायकांच्या होडीत पुढच्या बाकावर बसून वल्हवायची हे खरं आहे. शर्यतीच्या दिवशीचा तिचा एक फोटो आमच्याही घरात आहे. सगळ्याजणी दमून वाकलेल्या, ही एकटी ताठ. नंतर ती मासळीच्या कारखान्यात लागली आणि तिथल्या सरकत्या पट्ट्यावर मासे निवडण्यात तिची सगळी उमेदीची वर्षं गेली. एखाद्या पेटीबद्दल शंका आली की मुकादम तिलाच बोलावायचा. ती हातमोजा काढायची, वाकायची, आणि "ही परत," म्हणायची. मुकादमाने कधी "नक्की ना?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने हातमोजा त्याच्या हातात ठेवला असता.

एवढी ही बाई, पण स्वतःच्या घरामागच्या खोपटात तिला पाऊल टाकायची मुभा नव्हती. मिच्चालच्या वडिलांचा नियम होता, मांस मुरत असताना खोपटात बाई नको. हातांना साबणाचा वास असतो म्हणे. मिच्चालने नियम तसाच चालवला, फक्त कारण बदललं.

"तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो, ओलुवा. मांस बिचकेल."

"मग मासळीच्या पगारातून घातलेले पत्रेही उतरव छपरावरून," ती म्हणायची. "त्यांनाही येत असेल वास."

दोघंही हसायची. दर शरदात हे बोलणं व्हायचं, आणि दर शरदात ती दाराबाहेरच राहायची.

त्या वर्षी सप्टेंबरात मिच्चाल तापाने आडवा झाला. उठला तेव्हा अशक्त होता, पण बरा दिसत होता. एके सकाळी ओलुवा वरच्या मजल्यावर चादरी बदलत होती, आणि खालून कॉफी जळल्याचा वास जिन्यावरून वर आला. ती धावत खाली आली. किटली चुलीवर काळी पडली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर मिच्चाल शांतपणे वर्तमानपत्र वाचत होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि किटली उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम विरजलेलं दूध त्याच्या पेल्यात ओतलं. तो प्यायला. "चांगलं आहे," म्हणाला, मिशा पुसल्या आणि उठून गेला. उरलेलं दूध तिने मोरीत ओतलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिली. हे सगळं तिने मला पुढे बटाटे सोलता सोलता सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. "मी बोलले नाही," ती म्हणाली. "माणसाचं एकच काहीतरी असतं गं, ज्याच्यामुळे तो गल्लीत मान वर करून चालतो. ते गेलंय हे त्याला माहीत होतंच. मी कशाला वर तोंडावर सांगू?"

तिला वाटलं, येईल वास परत. तो आला नाही. आणि मेंढ्या मात्र डोंगरावरून उतरल्या.

मांस टांगून झालं. मिच्चाल रोज संध्याकाळी खोपटात जायचा, नाक हाडाजवळ न्यायचा, डोळे मिटायचा. बाहेरून बघणाऱ्याला सगळं नेहमीसारखंच दिसायचं. आमच्या मामाने त्या वर्षी खोपटात विजेचा पंखा लावला होता. त्यावरून मिच्चालने त्याला सळो की पळो करून सोडलं.

"साकारिस, मेंढीला सर्दी होईल रे!"

"मेलेल्या मेंढीला?"

"आता शेगडीही लाव जवळ. आणि बसायला खुर्ची दे तिला."

मामा हसला, पण पंखा त्याने बंद केला नाही. फटींतून त्याची घरघर गल्लीभर ऐकू यायची.

आणि मग एल्स्पाचा प्रसंग झाला. एल्स्पा म्हणजे ओलुवाच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, एकटी, गुडघ्यांनी अधू झालेली बाई. तिच्या दोनच मेंढ्या. तिच्या खोपटात जे टांगलेलं असतं त्यावरच तिचा हिवाळा निघतो आणि नाताळात डेन्मार्कहून येणाऱ्या मुलीसाठीही त्यातूनच निघतं. मिच्चाल तिच्याकडे गेला, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "असू दे. अजून आठवडाभर हात लावू नकोस."

त्याच वेळी ओलुवा कुंपणापलीकडे दोरीवरचे कपडे काढत होती. पावसात कपडे वाळत नाहीत, तरी आमच्याकडे बायका ते दोरीवर टाकतात आणि ओलेच घरात आणतात. एल्स्पाच्या खोपटाच्या फटींतून येणारा वास तिने ओळखला. कारखान्यात पेटी परत पाठवायला लावणारा, गोडसर, घशाशी येणारा. अजून पक्का नव्हता, नुकता सुरू झाला होता. आज काही केलं तर वाचेल, आठवड्याने समुद्रात टाकावं लागेल.

ती ओले कपडे काखेत घेऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव राखावं की शेजारणीचं मांस?

अंधार पडायच्या आत ती एल्स्पाच्या दारात गेली. "मिच्चालचा निरोप आहे," ती म्हणाली. "घरी आल्यावर त्याला वाटलं, आजच हात लावलेला बरा. मानेचे तुकडे काढून टाक, बाकीचं मिठाच्या पाण्याने पूस आणि खाडीकडचं गोणपाट पूर्ण काढ. चल, मी धरते शिडी."

"असा कसा त्याचा विचार बदलला?"

"म्हातारा झालाय. चल."

दोघींनी काम उरकलं. मांस वाचलं. पण दोन दिवसांनी एल्स्पा काठी टेकत, घरच्या मुरंब्याची बरणी घेऊन ओलुवाच्या स्वयंपाकघरात आली आणि सरळ मिच्चालसमोर उभी राहिली.

"देवमाणूस आहेस बाबा! तुझा निरोप वेळेवर आला नसता तर गेलं होतं सगळं."

मिच्चालने बरणी घेतली. ओलुवाकडे बघितलं. ती पाव कापत होती. एल्स्पा काठी टेकत निघून गेली.

"कधीपासून?" मग त्याने विचारलं.

"कॉफी जळली तेव्हापासून."

"आणि ते दूध?"

"ते मीच दिलं."

"मला वाटलं पोत जरा दाट लागतोय," मिच्चाल म्हणाला. आणि मग दुखावलेल्या माणसाच्या थंड आवाजात, "गल्लीत कुणाकुणाला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर एल्स्पाने बरणी माझ्या हातात नसती दिली?"

तो उठून बाहेर गेला आणि भिजून परत आला. जेवताना बटाट्याकडे बघत म्हणाला, "उद्या सकाळी उजाडायच्या आधी ये खोपटात. कुणी उठलेलं नसतं. तू हुंगून मला सांग, पुढचं मी बघतो."

एवढी वर्षं ज्या दारात तिने पाऊल ठेवलं नव्हतं, ते असं उघडलं. दुसरी कुणी असती तर गेली असती. वर्षाचं मांस टांगलेलं होतं, हवा रोज जास्तच उबट होत होती. शिवाय नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी गल्लीतली सगळी घरं मिच्चालकडे पहिल्या मुरल्या मांसाचं सार प्यायला येणार होती. हीही त्याच्या वडिलांपासूनची रीत.

ओलुवाने काटा खाली ठेवला. "मी चोरून येणार नाही."

"अगं, चोरून कसलं? आपलंच खोपट आहे."

"मग दिवसा बोलाव. एल्स्पाच्या वेळी तुझं नाव पुढे केलं, कारण दोघी अडचणीत होतो, ती आणि मी. आता रोज तुझ्या मागे लपून हुंगायचं? मिच्चाल, मासळीचा वास येतो म्हणून बाहेर ठेवलंस, मी हसले. आता अंधारात आत घेशील तर मला हसू येणार नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. मला तर कधीपासून ऐकायचंय."

तीन-चार दिवस त्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मिच्चाल खोपटात जायचा, नेहमीपेक्षा जास्त वेळ आत थांबायचा. मांसाला हात लावून बघायचा, बुरशीचा रंग बघायचा, एकदा तर जिभेनेही चाटून पाहिलं म्हणे. काही कळत नव्हतं. ओलुवा कारखान्यातून येताना खोपटाच्या बाजूने चालत घरात जायची, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यापाशी तिची चाल थोडी मंदावायची. मी आमच्या खिडकीतून बघायचे. तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. आत जाऊन सांगणं तिला काही अवघड नव्हतं. पण ती जात नव्हती, आणि ते तिला किती जड जात होतं हे तिच्या पाठीवरून कळायचं.

शनिवारी दुपारी सगळी गल्ली बाहेर होती. फुटबॉलचा सामना जिंकून लोक घरी परतत होते, निळ्या-पांढऱ्या टोप्या भिजून डोक्याला चिकटल्या होत्या. मामा आणि त्याचे दोस्त आमच्या ओट्यावर उभे राहून सामना पुन्हा एकदा खेळत होते. तेवढ्यात मिच्चालच्या खोपटाचं दार धाडकन उघडलं आणि तो पावसात, उघड्या डोक्याने, मधोमध येऊन उभा राहिला.

"ओलुवा!" तो ओरडला. खाडीपलीकडे ऐकू जावं असा आवाज. "ओलुवा, बाहेर ये! मला कसलाच वास येत नाही! सप्टेंबरपासून येत नाही! ये आणि तू बघ!"

ओट्यावरचा सामना थांबला. एल्स्पाची खिडकी उघडली. मामाच्या पंख्याचीच काय ती घरघर.

ओलुवा लगेच आली नाही. आत कपाट उघडल्याचा आवाज झाला. मग ती दारात दिसली, अंगात समारंभाचा स्वेटर, चांदीच्या गुंड्या लावलेला, हातात विणकामाची एक लांब सुई. ती कडेकडेने आली नाही. गल्लीच्या मधून, भिजत, सरळ चालत आली. शर्यतीच्या फोटोतल्यासारखी.

"सुई कशाला गं?" मामाने न राहवून विचारलं. "मांसाला बाह्या विणतेस की काय?"

"तुझ्या पंख्याला लोकरीची टोपी विणते," ती म्हणाली, आणि मिच्चालने धरलेल्या दारातून आत शिरली.

आम्ही सगळे दारात जमलो. ती प्रत्येक तुकड्यापाशी थांबत होती. वरवर हुंगत नव्हती. हाडाला लागून सुई आत खोल घालायची, बाहेर काढायची, नाकाखाली धरायची, स्वेटरच्या बाहीला पुसायची आणि पुढे जायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिच्चाल तिच्या मागे मागे होता आणि ती काही बोलली की दोरी सोडत किंवा बांधत होता.

दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या खांद्यापाशी ती थांबली. दोनदा सुई घातली.

"हा गेला," ती म्हणाली. "शेजारचाही."

"दोन्ही?" मिच्चालचा आवाज लहान झाला होता. "बुधवारी पहाटे होते का चांगले?"

ओलुवाने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "बुधवारी एक वाचला असता," ती म्हणाली. "तू हाक मारली असतीस तर. किंवा मी आले असते तर. तो आपल्या दोघांचा."

मिच्चालने ते दोन्ही खांदे स्वतः उतरवले, सगळ्यांसमोर गल्लीतून धक्क्यापर्यंत नेले आणि पाण्यात टाकले. समुद्रपक्षी तुटून पडले. मिच्चाल परत आला तेव्हा ओलुवा दारात उभी होती.

"बाकीचं वाचेल," ती म्हणाली, "पण इथे दाटी झालीये. वारा येईपर्यंत अर्धं साकारिसच्या पंख्यासमोर टांगायचं."

मिच्चालने डोळे मिटले. या वेळी खरोखरच मिटले.

"दुसरा काही उपाय?"

"नाही."

"मेंढीला सर्दी होईल, मिच्चाल!" मामा ओट्यावरून ओरडला. "खुर्ची देऊ का?" आणि मग सगळी गल्ली हसली, पावसात, बराच वेळ. मिच्चालही हसला. हसता हसता त्याने एक मांडी खांद्यावर घेतली आणि आमच्या खोपटाकडे निघाला.

त्या संध्याकाळी ओलुवा घरी गेली ती उशिरानेच, कारण दारादारांतून हाका येत होत्या. पहिल्यांदा त्या जरा बिचकत येत होत्या, "ओलुवा, म्हणजे, वेळ असेल तर..." ती प्रत्येक खोपटात गेली. मिच्चाल कंदील धरून मागे. कुणी विचारलं नसतानाही तो सांगत होता, "हाडाला लावून हुंगते ती. मी आणि बाबा वरूनच हुंगायचो." हे तो असं सांगत होता, जणू त्यानेच तिला वल्ह्यांसकट काल्सोयवरून आणलं ते यासाठीच.

वारा पुढच्या आठवड्यात आला, वायव्येचा, थंड. झेंडे फडफडले, खोपटं शीळ घालायला लागली.

साराच्या रविवारी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पाऊस तिरका कोसळत होता, आत खिडक्यांवर वाफ. मुरलेल्या मांसाचा तो उग्र वास स्वेटरांत, पडद्यांत, केसांत बसला होता. रीत अशी की घरधन्याने पहिला घोट घ्यायचा आणि कसं झालंय ते सांगायचं, मग बाकीच्यांनी चमचा उचलायचा. मिच्चालने वाडगा उचलला, त्यात बघितलं, आणि टेबलावरून ओलुवाकडे सरकवला.

"तू घे," तो म्हणाला. "आणि मला नीट सांग. मला नुसतं गरम पाणी लागणार आहे."

ओलुवाने घोट घेतला. घाई केली नाही. मग ती बोलायला लागली, आमच्याशी नाही, त्याच्याशी.

"आधी आंबट येतं," ती म्हणाली. "जुन्या चीजसारखं, पण तेवढं टोचत नाही. मग चरबी. चरबीला गवत लागतंय, मेंढ्या उन्हाळ्यात वरच्या कड्यावर होत्या ते कळतंय. शेवटी जिभेच्या मागे जरा चुरचुरतं, तुला आवडतं ना, तसं. आणि फळीचा वास आहे थोडा. तुझ्या बाबांनी वाहून आलेल्या लाकडाच्या फळ्या घातल्या होत्या ना उत्तरेला, त्यांचा."

मिच्चाल डोळे मिटून ऐकत होता. आम्ही चमचे हातात धरून होतो. सार निवत होतं आणि कुणालाही त्याचं काही नव्हतं.

"म्हणजे मुरलंय," तो म्हणाला.

"मुरलंय. मागच्या वर्षीपेक्षा बरं."

"हे तू उगीच म्हणतेस."

"मी पेटी परत पाठवताना उगीच म्हणते का?"

मिच्चाल मोठ्याने हसला, आणि वळून सगळ्यांना म्हणाला, "ऐकलंत? मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे म्हणते. आणि मागच्या वर्षीचं माझं होतं!" एवढा अभिमान त्याच्या आवाजात, स्वतःचं मांस उत्तम ठरलं तेव्हाही मी कधी ऐकला नव्हता.

"पुढच्या शरदातही येशील ना मग?" त्याने तिला विचारलं.

"खोपटाचं दार दिवसा उघडं असलं तर," ओलुवा म्हणाली, आणि पळी उचलली. "आता वाडगा पुढे कर. गरम पाणी तर गरम पाणी, पण थंड होण्याआधी पी."